माथ्याची फळी

चिंचखेडच्या धम्मदीप मनवरचं लाकूडकामाचं मशीन बरोबर कापत नाही, हे घरच्यांनंतर पहिल्यांदा कळलं ते तुळसाबाईला. अन् तुळसाबाईला कळलं म्हणजे दिग्रसपर्यंत कळलं, असंच गावात धरून चालतात.

तुळसाबाई महिला मंडळाची अध्यक्ष. नवं विहार बांधायचं तिनंच मनावर घेतलं. तीन वर्षं घरोघर फिरली, विटेपासून फरशीपर्यंत सगळं उभं केलं. आता एकच गोष्ट उरली होती. दाराच्या माथ्यावर बसायची सागवानी फळी, अन् फळीच्या मधोमध गोल भोकात चोवीस आऱ्यांचं शिसवी चाक. फळी धम्मदीपच्या बापानं, बाबारावनं, हातानं केली होती. भोकही गेल्या दिवाळीत त्यानंच पाडलं होतं. चाक करायचं होतं धम्मदीपनं, मशीनवर. विहाराचं उद्घाटन बुद्धपौर्णिमेला, अन् ती यायला उरले होते बावीस दिवस.

त्या दिवशी सकाळी नऊलाच ऊन असं होतं की टिनाचं शेड कडकड वाजत होतं. तुळसाबाई पदरानं तोंड पुसत आत आली.

"दाखव बापा, काय केलं त."

धम्मदीपनं प्लायवूडचं नमुन्याचं चाक भोकात ठेवलं. तुळसाबाईनं बोटानं ढकललं. चाक खुळखुळलं.

"हे त हालून राह्यलं. म्हाताऱ्याच्या दातावानी."

"नमुना हाय आत्या. खरं चाक अजून कापलंच नाही."

"नमुना हालते, त खरं काय गप उभं राह्यते? मी येत्या इतवारच्या पुढच्या इतवारी येतो. बसलं त बसलं. नाही बसलं त यवतमाळवरून लोखंडाची जाळी आणतो. चाकासकट तयार भेटते, लावली की झालं. पौर्णिमा कोणासाठी थांबत नाही."

ती बोलत होती धम्मदीपशी, पण पाहत होती कोपऱ्यातल्या खाटेकडे. खाटेवर बाबाराव बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"बाबारावभाऊ, वाईट नका वाटून घेऊ."

"वाईट कायचं? बरोबर हाय तुमचं."

ती गेली.  बापाच्या हातचं हे शेवटचं काम, हे धम्मदीपला ठाऊक होतं. बाबारावलाही ठाऊक होतं. तोंडानं कोणी म्हणत नव्हतं, एवढंच. फळी विहाराच्या दारावर चढणार का ह्याच शेडमध्ये भिंतीला टेकून धूळ खाणार, हे आता मशीनवर येऊन अडलं होतं.

बाबाराव सत्तरीचा. त्याच्या बापानं छप्पन सालानंतर मेलेलं ढोर ओढणं सोडलं, गावकीची सगळी कामं सोडली, अन् पोराला सांगितलं की हाताला कसब पाहिजे, कसब कोणी हिसकून घेत नाही. पण शिकवणार कोण? गावचा सुतार मनवराच्या पोराला तासायच्या वाकसाला हात लावू देईना. मग बाबाराव दारव्ह्याच्या एका आरागिरणीत ओंडके उचलायला राहिला. तिथं लाकूड न्यायला मिस्त्री यायचे. त्यांचे हात पाहून पाहून हा शिकला. विचारायची सोय नव्हती, पाहायची होती. नऊ वर्षांनी गावात परतला तेव्हा बगलेत स्वतःचा रंधा होता.

पुढं ज्या घरांच्या ओट्यावर त्याच्या बापाला चढू दिलं नव्हतं, त्याच घरांचे दरवाजे बाबारावनं बसवले. दार बसवायचं म्हणजे उंबरठ्याच्या अलीकडंही उभं राहावं लागतं अन् पलीकडंही. हे तो स्वतः कधी सांगत नसे. लोकच सांगत.

चार वर्षांमागं उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरनं कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. गोळी घेतली की दोन-अडीच तास हात ताब्यात राही, मग पुन्हा पानासारखा हाले. सून पायल त्याला चहाचा ग्लास अर्धाच भरून देई, अन् संपला की न विचारता पुन्हा अर्धा.

धम्मदीपला त्यानं कधी लाकडाजवळ येऊ दिलं नाही. पोरगा पटाशी उचलायला गेला की म्हणे, "ठेव. पुस्तक घे." धम्मदीपनं पुस्तक घेतलं. आयटीआय केलं, इलेक्ट्रिशियन झाला, अकरा वर्षं चाकणच्या कंपनीत वायरी जोडल्या. बापाच्या हाताचं ऐकून परत आला. गावात मोटरी अन् पंप दुरुस्त करायला लागला अन् गेल्या हिवाळ्यात हे मशीन मागवलं. खोक्यातून सुटे भाग आले, ते मोबाईलवर व्हिडिओ पाहत त्यानं जोडले. टेबलाएवढी लोखंडी चौकट. तिच्यावर गरगर फिरणारं बिट. तीन मोटरी ते बिट डावीउजवीकडं, पुढंमागं, वरखाली नेतात. कॉम्प्युटरवर जे काढलं ते लाकडात कापून निघतं.

म्हणजे निघायला पाहिजे. घरांच्या नावाच्या पाट्या त्यानं पन्नासएक केल्या, सगळ्या खपल्या. पण पाटीचं माप कोण घेतो? दोन मिलीमीटर इकडं का तिकडं, खिळ्याला टांगली की झालं. चाकाला भोकात बसायचं होतं. कॉम्प्युटरमध्ये साडेचारशे मिलीमीटर लिहिलं होतं अन् चाक भोकात खुळखुळत होतं.

अन् शिसवीची फळी एकच होती. बाबारावनं वीस वर्षं माळ्यावर जपून ठेवलेली, हाडासारखी वाळलेली. ती चुकली की संपलं. म्हणून सगळे प्रयोग प्लायवूडवर.

आठ दिवस धम्मदीपनं मशीनचं एकही हाड सोडलं नाही. बेल्ट ताणला. पुलीचा बारका स्क्रू ढिला सापडला, तो आवळला. त्याला वाटलं, सापडला चोर. पुन्हा कापलं, तेच. बिट बोथट असेल म्हणून नवं लावलं. बिट धरणारा चिमटा काढून त्यातला भुसा फुंकला. लाकूड सरकत असेल म्हणून चारच्या जागी आठ ठिकाणी दाबलं. चाल निम्मी केली. कधी चाक थोडं सुधरल्यासारखं वाटे, कधी बिघडल्यासारखं. शेडमध्ये चाकांचा ढीग झाला. गावातली लेकरं ती घरंगळवत नेऊ लागली.

पायल अंगणवाडीत सेविका. दुपारी घरी आली की शेडच्या दारात टेकून पाही. एक दिवस तिनं तोंड उघडलं.

"तुमी रोज चार गोष्टी बदलवता अन् एक चाक कापता. भाजीत मीठ, तिखट, तेल सगळं एकदम वाढवलं अन् भाजी बिघडली, त कायनं बिघडली हे कसं समजंन?"

"मंग काय करू?"

"काही बदलवू नका. हे कितीनं चुकते ते त पाहा आधी. आमच्याकडं लेकरू वाळून राह्यलं की पहिले वजन घेतो, खाऊ मंग देतो."

ते त्याला पटलं. चाक बाजूला ठेवून त्यानं साधे चौकोन कापले. एक शंभर मिलीमीटरचा, एक तीनशेचा, एक पाचशेचा. बापाची लोखंडी फीत घेऊन मोजायला बसला, पायल अंगणवाडीच्या जुन्या वहीत लिहायला.

"शंभरचा... एकशे एक. वरती थोडंसं."

"म्हणजे मोठा निघाला."

"तीनशेचा... तीनशे. बरोबर."

"बरोबर?"

"तंतोतंत. अन् पाचशेचा..." त्यानं दोनदा फीत लावली. "चारशे नव्व्याण्णवही नाही. पाचशेले सव्वा कमी."

पायलनं वहीतले तीन आकडे पाहिले. "लहान ते मोठं होते, मोठं ते लहान होते, अन् मधलं बरोबर. असं कसं?"

धम्मदीपला कंपनीतलं ठाऊक होतं. मशीन ढिलं असलं तर लहान-मोठ्या सगळ्या तुकड्यांत सारखाच फरक पडतो. मोटरीची पावलं चुकली असली तर तुकडा मोठा तसा फरक मोठा, पण एकाच बाजूला. हे तिसरंच होतं. असं चुकणारं यंत्र त्यानं अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तीनही चौकोन पिशवीत घालून अन् फीत खिशात टाकून तो दिग्रसला गेला, भावसिंगकडं. भावसिंग राठोड तांड्यावरचा, लेथवर जिनिंगच्या यंत्रांचे शाफ्ट घासणारा. केसाएवढा फरकही त्याच्या डोळ्यातून सुटत नाही, अन् बोलताना तोही कोणाला सोडत नाही.

"जय भीम, चाकवाले! गावभर चाकं वाटून राह्यला म्हणे. इलेक्शनले उभा हायेस का?"

"जय सेवालाल. मस्करी मागून कर भाऊ. हे मोजून दे."

भावसिंगनं हात पुसले, व्हर्नियर काढला अन् लहान चौकोन धरला. "नव्व्याण्णव अन् वरती तीन."

"काय?"

"शंभरले कमी हाय."

"माही फीत एकशे एक सांगते."

भावसिंगनं भुवया चढवल्या. तीनशेचा चौकोन स्टीलच्या पट्टीवर ठेवला. दोनशे अठ्ठ्याण्णव. पाचशेचा ठेवला. चारशे शहाण्णव अन् वरती सात. खडूनं जमिनीवर आकडे मांडले.

"तुही मशीन सरळ हाय गा. सगळंच लहान कापते, अन् एकाच हिशोबानं. मशीन कायनं लावली होती तुनं?"

"म्हणजे?"

"एक मिलीमीटर सरकाले मोटरीनं किती पावलं टाकाचे, हे सांगतलं असंन न तिले. ते कायनं मोजून सांगतलं?"

"बाबाच्या फितीनं. तीनशे सरक म्हटलं त फीत तीनशे दोन दाखवे. म्हणून पावलं कमी केले."

"अन् फीत कायनं मोजली?"

धम्मदीपनं खिशातून फीत काढली. भावसिंगनं फीत हातात घेतली, तोंडाशी आणली अन् हसायचा थांबला. फितीचं तोंड तुटलेलं होतं. कोणी तरी ते कापून सरळ केलं होतं अन् लोखंडी आकडा दोन बारीक तांब्याच्या रिबिटांनी पुन्हा बसवला होता. काम इतकं साफ की नीट पाहिल्याशिवाय दिसू नये. पण शून्यापासून पहिले दोन मिलीमीटर गायब होते, म्हणजे आकडा अडकवून मोजलं की फीत प्रत्येक माप दोननं वाढवून सांगे.

"ह्या फितीनं तुह्या बापानं इतके दरवाजे केले?"

"हो."

"मंग ते लागतेत कसे बे?"

धम्मदीप खडूच्या आकड्यांकडं पाहत उभा राहिला. बापाला माप घेताना त्यानं हजारदा पाहिलं होतं. बाबाराव फितीचा आकडा लाकडाला कधी अडकवत नसे. फितीवरची दहाची रेघ काठाशी धरी, पुढचं माप वाची अन् दहा वजा करी. धम्मदीपला वाटे, म्हाताऱ्याची खोड.

घरी गेला, फीत खाटेवर ठेवली. बाबारावनं फितीकडं पाहिलं, मग पोराकडं.

"हिचं तोंड कापलेलं हाय, बाबा."

"हो. बैलगाडीचं चाक गेलतं तिच्यावर. सत्त्याऐंशी साली. तवापासून दहा टाकतो."

"मले कधी सांगतलं नाही."

"तुनं कधी विचारलं?" म्हातारा म्हणाला. मग आवाज उतरवून, "मले कोणं काय सांगतलं होतं? पाहूनच समजलं सारं. मले वाटे, पाहून समजते माणसाले."

"पाहू कुठं देत होते तुमी?"

 बाबारावनं फीत उचलून पायथ्याच्या कापडाखाली सारली.

धम्मदीपनं दिग्रसहून स्टीलची नवी पट्टी आणली होती. बिटाच्या जागी टोकदार खिळा लावला, मशीनला पाचशे सरकायला लावलं, दोन्हीकडं खूण पाडली अन् खूण ते खूण मोजलं. मोटरीची पावलं सुधरवली. आडवी एकदा, उभी एकदा. मग शंभरचा शंभर निघाला, पाचशेचा पाचशे. पायलनं वहीत तीन आकडे लिहिले अन् खाली जाड रेघ ओढली.

शनिवारी सकाळी त्यानं प्लायवूडचं चाक नव्यानं कापलं. साडेचारशे म्हणजे साडेचारशे. भोकावर ठेवलं अन् दाबलं.

आता ते जाईना.

एका बाजूनं अडकलं होतं. अन् तिथून काटकोनात पाहिलं तर नख जाईल एवढी फट. त्यानं चाक काढलं, पट्टीनं चारी अंगांनी मोजलं. चाक गोल होतं. मग पट्टी भोकात आडवी धरली. चारशे त्रेपन्न. उभी धरली. चारशे एकोणपन्नास.

त्यानं पुन्हा मोजलं नाही. गरज नव्हती.

इतके दिवस मशीनची चूक एवढी मोठी होती की तिच्याआड ही लपून गेली होती. मशीन खरं बोलायला लागलं तेव्हा पहिली चुगली त्यानं बापाचीच केली. चारशे त्रेपन्न अन् चारशे एकोणपन्नास. चाळीस वर्षं ज्याच्या दाराच्या फटीतून कागद सरकत नव्हता त्याच्या हातचं हे भोक.

धम्मदीप फळीजवळ उकिडवा बसला. बाहेर बाभळीत होले घुमत होते. बाबाराव गोळी घेऊन घरात निजला होता. सरळ काम एक होतं. फळी मशीनवर चढवायची अन् भोक गोल करून घ्यायचं. पण भोकाला हात लावायचा म्हणजे बापाला सांगायचं, बाबा, तुमचं काम चुकलं. ज्या हातांबद्दल घरात चार वर्षं कोणी बोललं नाही, त्यांच्याबद्दल बोलायचं. अन् शेवटच्या कामावर बोट ठेवून.

त्यानं कागद आणला. फळीवर पसरला अन् भोकाच्या काठानं पेन्सिल फिरवून जसंच्या तसं उतरवून घेतलं. कॉम्प्युटरमध्ये घातलं. चाक तसंच काढलं, चार मिलीमीटर लांबट. प्लायवूडवर कापलं. भोकात ठेवलं, हळूच दाबलं.

बसलं. चारी अंगांनी असं की फुंकर जाऊ नये.

पायल दारात उभी होती. तिनं कागद पाहिला, पट्टी पाहिली. तिला सगळं कळलं.

"पंधरा दिवस मशीन सुधरवली, अन् आता वाकडं चाक कापता?"

"कोणाले दिसणार नाही. वर, सात फुटावर राह्यणार हाय ते."

"बाबाले सांगसान?"

"नाही."

"तुमचं तुमी पाहा," ती म्हणाली. पण गेली नाही. शिसवीची फळी मशीनवर ठेवायला तिनंच दुसरं टोक धरलं.

फळी दाबून झाली होती, बिट लावून झालं होतं, तेवढ्यात बाबाराव आला. निजून उठलेला, गोळी लागू पडलेली, हात बऱ्यापैकी ताब्यात. त्यानं भोकात बसलेलं चाक पाहिलं. पुढं झाला. अंगठा चाकाच्या काठावरून फिरवला, सगळीकडून, सावकाश. त्याच्या तोंडावर काही तरी सैल झालं.

"बसलं की."

"हो बाबा."

"फट नाही कुठं."

"नाही."

बाबारावनं चाक बोटांनी वर ओढून बाहेर काढलं, पाव फेरा फिरवलं अन् पुन्हा भोकावर ठेवलं. त्यात संशय नव्हता. गोल वस्तू गोलात बसली की सुतार असंच करतो, जसं बाई भाकर उलटून पाहते.

चाक गेलं नाही.

त्यानं दाबलं. नाही गेलं. परत पहिल्यासारखं फिरवलं. गेलं. पुन्हा पाव फेरा. अडकलं.



"हे चाक कोणं वाकडं केलं?"

"मशीननं," धम्मदीप म्हणाला.

"मशीन त भावसिंगनं पास केली म्हणे." म्हातारा त्याच्याकडं पाहत नव्हता, भोकाकडं पाहत होता. "भोक वाकडं हाय का?"

पायलनं नवऱ्याकडं पाहिलं. धम्मदीपनं पट्टी उचलून मशीनवर ठेवली.

"हो."

"किती?"

"चार मिलीमीटर."

"चार." बाबारावनं ते तोंडात घोळवलं. "एक सूतापेक्षा जास्त." तो फळीपाशी खाली बसला. भोकाच्या काठावरून अंगठा फिरवत गेला, डोळे मिटून. एका जागी थांबला, परत मागं आला, पुन्हा त्याच जागी थांबला. "दिवाळीत मले वाटलंच होतं. पण मी मोजलं नाही. मोजलं असतं त दिसलं असतं."

"वर लावल्यावर कोणाले दिसत नाही बाबा. मी चाक तसंच—"

"येडा हायेस का तू?" आवाज मोठा नव्हता, पण धम्मदीप लहानपणीसारखा एक पाऊल मागं सरला. "लोक हात जोडतीन त चाकाले जोडतीन. भोकाले जोडत नाही कोणी. माह्या हातापायी चाक वाकडं करतं? आरे चोवीस, अन् एकही सारखा नाही? उतरव ते शिसव. ही फळी चढव पहिले."

"तुमचं काम हाय ते."

"म्हणून त मी सांगून राह्यलो न."

त्या दिवशी नाही केलं. म्हातारा म्हणाला, सकाळी करू, डोकं थंड असते. सकाळी तिघांनी फळी उचलून मशीनवर ठेवली. भोकाचा मध्य आता हवेत होता, पण बाबारावनं फळीच्या चारी काठांवर दिवाळीतच मधल्या बारीक खुणा मारून ठेवल्या होत्या. त्या मात्र केसाएवढ्याही चुकल्या नव्हत्या. दोन दोरे ताणले, जिथं ते एकमेकांना कापत होते तिथं बिटाचं टोक आणलं. चारशे छप्पन लिहिलं, म्हणजे सगळीकडून लाकूड निघेल अन् गोल होईल. मोटर सुरू झाली.

बिट काठानं फिरायला लागलं. सागवानाचा वास सुटला. बाबाराव अगदी जवळ वाकून उभा होता, बिटाकडं नाही, पडणाऱ्या भुशाकडं पाहत. एका जागी भुसा जाड पडे, दाण्यासारखा. पुढं जाऊन पातळ होई, पिठासारखा. मग पुन्हा जाड.

"इथं पातळ येऊन राह्यला," तो मोटरीच्या आवाजात म्हणाला. "इथं पटाशी जास्त गेलती. गोळी उतरली होती माही."

धम्मदीपनं ऐकलं.  बिटानं फेरा पूर्ण केला, खाली उतरलं, दुसरा फेरा धरला. आता भुसा सगळीकडं सारखा पडायला लागला. बाबाराव तो फेरा संपेपर्यंत उभा राहिला, मग खाटेवर जाऊन बसला.

शिसवीचं चाकही आता त्याच मापाचं; ते कापायला तीन तास लागले. मध्ये एकदा लाईन गेली, वीस मिनिटांनी आली. मशीन जिथं थांबलं होतं तिथूनच धम्मदीपनं पुन्हा लावलं, श्वास रोखून, अन् ते बरोबर धरलं. चोवीस आरे एकामागून एक मोकळे होत गेले. पायलनं कुंच्यानं भुसा झाडला तेव्हा चाक काळंभोर दिसलं, नुकतं धुतलेल्या म्हशीच्या पाठीसारखं.

तुळसाबाई चारला आली, सांगितल्या इतवारीच. उभ्यानंच म्हणाली, "हं. दाखवा."

बाबारावनं धम्मदीपला हात लावू दिला नाही. स्वतः चाक उचललं. गोळीची वेळ होत आली होती, हात हालत होता, चाक भोकाच्या काठावर दोनदा टकटकलं. तिसऱ्यांदा बसलं. त्यानं काढलं, पाव फेरा फिरवलं, बसवलं. पुन्हा काढलं. असं चार वेळा. चारी वेळा गेलं.

तुळसाबाईनं बोटानं ढकलून पाहिलं. जागचं हाललं नाही. तिनं चष्मा वर केला, डोळे पुसले, पुन्हा लावला. "जाळीवाल्याले नाही म्हणून सांगतो," ती म्हणाली. मग पिशवीतून वही काढली. "उद्घाटनाच्या दिवशी माईकवर कारागिराइचे नावं घ्याचे हायेत. लिहून घेतो. फळी अन् चाक, बाबाराव मनवर. बरोबर?"

"नाही," बाबाराव म्हणाला. "फळी बाबाराव. भोक अन् चाक धम्मदीप."

"भोक त तुमीच पाडलं भाऊ. दिवाळीत मी होतो न इथं. माह्या डोळ्यादेखत पाडलं."

"पाडलं होतं. गोल नोतं. गोल त्यानं केलं."

"बाबा, असं कायले सांगता?" धम्मदीप म्हणाला. "एवढं कोण विचारते?"

"विचारतीन." म्हातारा पोराकडं वळला. हालणारा हात त्यानं लपवला नाही, तसाच समोर राहू दिला. "विहाराचं दार पाहून उद्या कोणी तरी माह्याकडं येईन, म्हणंन बाबाराव, आमचंही असंच करून द्या. मी काय सांगू त्याइले? काम कोण करते ते लोकाइले आताच समजलं पाह्यजे. मंग घोटाळा नको."

तुळसाबाईचा पेन वहीवर थांबला होता. ती एकदा म्हाताऱ्याकडं अन् एकदा पोराकडं पाहून खाली वाकली, अन् त्यानं जसं सांगितलं तसंच लिहून घेतलं.